दोन लेथ आणि बाभळीचा ओंडका

आमच्या शाळेच्या सुतारखान्यांतील जुनें कातयंत्र दोन वर्षांपूर्वीं कायमचें थांबलें, हें आजी विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. माजी विद्यार्थ्यांस तें ऐकून वाईट वाटेल. तें पायानें चालविण्याचें होतें. खालीं पायपट्टी, बाजूस जड चाक, वर चामडी पट्टा. एकानें पाय मारावा व दुसऱ्यानें पटाशी धरावी, या रीतीनें मुलांच्या कित्येक तुकड्यांनीं त्यावर भोवरे, विट्या आणि लाटणीं काढलीं. शेवटीं त्याचे बेअरिंग इतके झिजले कीं, गोल काढावयास घेतलेलें लांकूड अंडाकृति होऊन खालीं उतरूं लागलें. दुरुस्ती करणाऱ्यानें हात जोडले. तेव्हां माजी विद्यार्थ्यांनीं आपसांत वर्गणी करून नव्या यंत्रापुरता निधि जमविला, आणि तो कसा खर्चावा हें ठरविण्याचें काम आमच्याकडे आलें.

पैसा एकाच यंत्रापुरता होता. पसंतीस उतरण्याजोगीं यंत्रें मात्र दोन निघालीं, व दोहोंच्या किंमतींत फारसें अंतर नव्हतें. निवड करावयास आम्हांस चार महिने लागले. शिक्षकांच्या खोलींत या विलंबाची बरीच थट्टा झाली. "पोरीचं लग्नसुद्धां याहून लवकर ठरतं," असें एक वडील सहकारी म्हणाले. ज्यांनीं पैसे दिले त्यांस हिशेब कळावा, आणि लांकडाच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास थोडा उपयोग व्हावा, यासाठीं ही हकीकत लिहीत आहों.

सुतारकामांत इतर सर्वत्र लांकूड स्थिर असतें आणि हत्यार चालतें. कातकामांत हत्यार जागच्या जागीं धरावयाचें व लांकूड फिरवावयाचें. रंध्यानें काम करणारा मुलगा चुकला तर लांकूड खराब होतें; लेथवर चुकला तर लांकूड त्याच्या अंगावर येतें. रंधा कोणता घ्यावा याचा विचार एका दुपारींत आटोपला तरी चालेल, लेथचा आटोपूं नये. पांच वर्षांपूर्वीं परगांवच्या एका कारखान्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कपाळावर फिरता ओंडका सुटून बसला. डोळा थोडक्यांत वाचला. तो पुढें शाळेंत भेटावयास आला तेव्हां त्यानें जखमेविषयीं कांहीं गाऱ्हाणें केलें नाहीं. "सर, तिथं वेग कमी करायची सोयच नव्हती," एवढेंच तो म्हणाला. हें वाक्य चारही महिने आमच्या मनांत होतें.

आमचा मुलूख कऱ्हेकांठचा. कऱ्हा बारामतीवरून पुढें जाऊन सोनगांवाजवळ नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकास नीरा-नरसिंहपूर येथें भीमेंत जाते. मोरोपंतांच्या आर्यांमुळें बारामतीचें नांव महाराष्ट्रभर झालें; सुताराच्या कामामुळें तसें कोणाचें होत नाहीं. येथील कातकामाची जुनी ओळख खेळण्यांची नसून चाकाची आहे. बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागीं जो लांकडी गड्डा असतो त्यास तुंबा म्हणतात. त्यांत आरे बसतात, आऱ्यांवर पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धांव. तुंबा नीट गोल नसेल तर सारें चाक डुलतें आणि बैलाची मान त्याचा दंड भरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊंस वाढला, व ऊंस वाहावयास गाड्या वाढल्या. पुढें रबरी टायरची गाडी आली आणि तुंबा गेला. साखर कारखान्यांच्या वाटेवर गळिताच्या दिवसांत आजही बैलगाड्या दिसतात, पण लांकडी चाक त्यांत क्वचित्. आतां कातणाऱ्याकडे मागणी येते ती पलंगाच्या खुरांची, पाळण्याच्या दांड्यांची, देव्हाऱ्याच्या खांबांची, जिन्याच्या कठड्यांची; आणि रवी, मुसळ, लाटणें हीं तर घरोघर लागतातच.

धंदा बदलला, पण लांकूड बदललें नाहीं. सागवान आम्हांस विकत घ्यावें लागतें. बाभूळ मात्र बांधावरून मिळते. कडुनिंब आणि आंबा वादळांत पडले कीं पालक कळवितात. सागवानाचें वजन घनमीटरास सुमारें साडेसहाशें किलो भरतें, बाभळीचें आठशेंच्या आसपास. बाभळीचा गाभा तांबूस, चिवट, आणि गांठी आल्या म्हणजे पटाशीची धार मागे फिरविणारा. शिवाय ती सरळ वाढत नाहीं. तिचा ओंडका यंत्रावर चढविला तर त्याची एक बाजू जड व दुसरी हलकी, हें ठरलेलें. सागवानावर शिकलेला मुलगा बाभळीपुढें घाबरतो. बाभळीवर शिकलेल्यास पुढें कशाचीच भीति वाटत नाहीं, असें आमच्या सुतारकाकांचें म्हणणें. हे काका वयानें सत्तरीपुढचे. आठवड्यांतून दोन दिवस शाळेंत येऊन मुलांस हात धरून शिकवितात.

आतां तीं दोन यंत्रें. पहिलें परदेशी बनावटीचें, आटोपशीर, टेबलावर ठेवावयाचें. वजन सुमारें चाळीस किलो. दोन माणसांनीं उचलून कपाटांत ठेवावें. त्यावर दहा इंच व्यासाचें व सोळा इंच लांबीचें लांकूड बसतें. मोटार अर्ध्या अश्वशक्तीची. बटण फिरवितांच वेग मिनिटास 500 फेऱ्यांपासून 3200 पर्यंत हळूहळू चढतो, व आंकडा समोरच्या काचेवर उमटतो. तें सुरू होतांना धक्का नाहीं, आवाज नाहीं. दुसरें आपल्याच देशांत ओतलेलें. पंजाबांत बटाला व सौराष्ट्रांत राजकोट येथें अशीं यंत्रें पिढ्यान्‌पिढ्या होत आलीं आहेत. बूड ओतीव लोखंडाचें, वजन पावणेदोनशें किलो, दोन टोंकांमध्यें चार फूट जागा, बारा इंच व्यास, एक अश्वशक्तीची मोटार वेगळी बसविलेली. वेग बदलावयाचा तर यंत्र थांबवून पट्टा एका कप्पीवरून दुसऱ्या कप्पीवर टाकावयाचा. रंग असा कीं, कोणी घाईनें फासला असावा. कडा इतक्या खरखरीत कीं, पहिल्याच दिवशीं आमच्या बोटास ओरखडा आला.

आमचे विज्ञानशिक्षक पहिल्या यंत्राच्या बाजूचे होते, आणि त्यांचा पक्ष दुबळा नव्हता. ते म्हणाले कीं, आठवीचीं मुलें व मुली लेथपुढें प्रथम उभीं राहतात तेव्हां त्यांस सर्वांत अधिक गरज मंद वेगाची असते. दुसऱ्या यंत्राचा कमींत कमी वेग 720, पहिल्याचा 500. पहिल्यांत पट्टा झांकलेला आहे, त्यांत कोणाची वेणी वा ओढणी जाण्याचें भय नाहीं. शिवाय बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत आतां संगणकावर चालणारीं कातयंत्रें आहेत. तिकडे जाणाऱ्या मुलांस कप्प्यांचें जुनें शास्त्र शिकवून काय लाभ? या शेवटच्या मुद्यावर आमचें त्यांचें जमलें नाहीं. परंतु वेगाच्या मुद्यावर आम्हांस उत्तर सुचेना, हें खरें.

सुतारकाकांपुढें हा वाद मांडला तेव्हां ते थोडे हंसले. "मास्तर, यंत्राचं रंगरूप बघत बसूं नका. आपलं लाकूड घेऊन जा नि त्येच्यावर चढवा. म्हैस इकत घेताना धार काढूनच बघतो ना आपण?"

सल्ला इतका सरळ होता कीं, तो आपणांस कसा सुचला नाहीं याचेंच सर्वांस नवल वाटलें. आम्हीं बाभळीचा एक ओंडका निवडला. व्यास आठ इंच, लांबी दहा इंच, वजन सात किलो, एका बाजूस गांठ. तो गोणपाटांत गुंडाळून आम्ही व काका एस. टी. नें पुण्यास निघालों. "सर, सरपण पुण्याला नेताय व्हय?" असें वाहकानें विचारलें; त्यावर काकांनीं गंभीरपणें, "परीक्षेला बसवायचंय त्येला," असें उत्तर दिलें. सारी गाडी हंसली.

पुण्याचे दुकानदार सज्जन होते. ओंडका पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला, तरी त्यांनीं नाहीं म्हटलें नाहीं. यंत्र मंद वेगानें सुरू झालें आणि ओंडक्याच्या जड बाजूनें त्यास हालवावयास आरंभ केला. प्रथम यंत्र हाललें, मग टेबल हाललें, मग टेबलावरील पटाशा एकमेकींवर वाजूं लागल्या. काकांनीं गोल पटाशी हलकेच टेकवली. दोन सालपटें उडालीं. गांठ पटाशीपुढें आली आणि यंत्र थांबलें. एक तांबडा दिवा लागला. दुकानदारांनीं सांगितलें कीं, मोटारीवर भार अधिक झाला म्हणजे आंतील इलेक्ट्रॉनिक पाटी तिला वांचविण्यासाठीं वीज तोडते. तें त्यांचें म्हणणें बरोबरच होतें. यंत्र ज्या कामासाठीं घडविलें होतें, म्हणजे लेखण्यांचे दांडे, लहान वाट्या, बुद्धिबळाचीं प्यादीं, त्यांत तें उत्तम होतें. मऊ लांकडाची एक वाटी त्यांनीं आमच्यासमोर काढून दाखविली. तिला पॉलिश कागद लावण्याची गरज पडली नाहीं.

दुसऱ्या यंत्राची परीक्षा आणखी आठ दिवसांनीं झाली. तसलेंच एक यंत्र बारामतीस एका फर्निचरच्या कारखान्यांत चालत होतें. मालकांनीं आनंदानें परवानगी दिली. तोच ओंडका चढविला, पट्टा सर्वांत मंद कप्पीवर टाकला, आणि कळ दाबली. यंत्र जागचें हाललें नाहीं. ओतीव लोखंडांत ग्राफाइटचीं बारीक पानें विखुरलेलीं असतात, तीं थरथर गिळून टाकतात. त्यांत वजनाची भर. पण ओंडका मात्र असा घोंघावला कीं, खोलींतील आम्ही सर्वजण न सांगतां दोन पावलें मागें सरलों. काकांनीं यंत्र बंद करविलें, ओंडका उतरविला, वाकसानें तासून त्याचे आठ पैलू केले, आणि पुन्हां चढविला. आतां पटाशी टेकतांच लांब, तांबूस दोऱ्या निघूं लागल्या. गांठ आली आणि गेली. यंत्रास तिचा पत्ताही लागला नाहीं. "ह्यो बैल नांगराचा," काका म्हणाले, "पन पोरांच्या हातात देण्याजोगा नाय. लई पळतो."

म्हणजे एका यंत्रास मंदपणा होता पण जोर नव्हता. दुसऱ्यास जोर होता पण मंदपणा नव्हता. येथें आमचा प्रश्न प्रथमच स्पष्ट झाला. तोपर्यंत आम्ही नवें-जुनें, देशी-विदेशी, असल्या शब्दांशीं झुंजत होतों.

नववीच्या वर्गांत हें गणित आम्हीं फळ्यावर मांडलें. कातणारे एक ढोबळ नियम पाळतात: लांकडाचा व्यास इंचांत घेऊन त्यास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें; गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा. नऊ इंची तुंब्यास 720 फेऱ्या म्हणजे 6480, नियमांत बसतें. पण हा नियम गोल झालेल्या लांकडाचा आहे. वांकड्यातिकड्या ओंडक्यास आरंभीं याच्या निम्मा वेगही पुष्कळ. मुलांस आंकडे पटेनात, म्हणून कडेचा वेग काढावयास सांगितलें. नऊ इंची लांकडाची कड 720 फेऱ्यांनीं ताशीं 31 किलोमीटर धांवते. त्याच लांकडावर चुकून 2880 चा पट्टा राहिला तर ताशीं 124 किलोमीटर, म्हणजे हमरस्त्यावरील मोटारीहून अधिक. आणि 360 फेऱ्यांवर साडेपंधरा, म्हणजे सायकलीचा वेग. "सर, सायकल अंगावर आली तर आपण बाजूला होतो," असें एक मुलगी म्हणाली. आम्हांस जें पाहिजे होतें तें तिनें सांगितलें. आम्हांस 360 फेऱ्या हव्या होत्या, आणि त्याही पूर्ण जोरानें.

येथें पट्टा व बटण यांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. लहान कप्पीवरून मोठ्या कप्पीवर पट्टा टाकला म्हणजे वेग निम्मा होतो व फिरविण्याचा जोर दुप्पट होतो. मोटार आपल्या नेहमींच्या गतीनें चालतच असते, तिची शक्ति कोठें जात नाहीं. बटणानें वेग निम्मा केला तर मोटारच मंद होते. तिचा जोर फार तर पूर्वींइतका राहतो, दुप्पट मुळींच होत नाहीं. मोठ्या, जड लांकडास मंद वेगावरच अधिक जोर लागतो, आणि नेमका तेथेंच बटणाचा हात आंखडता. उंसाच्या चरकाकडे पाहिलेल्या मुलास हें सांगावें लागत नाहीं. बैल सावकाश फिरतो, म्हणूनच ऊंस पिळला जातो.

मग दुसऱ्याच यंत्रास मंद कां करूं नये? मोटारीच्या फेऱ्या मिनिटास 1440. तिजवर तीन इंची कप्पी व यंत्रावर सहा इंची, म्हणून 720. आमचा एक माजी विद्यार्थी औद्योगिक वसाहतींत फिटर आहे. त्यानें सुचविलें कीं, मोटार व यंत्र यांमध्यें एक मधला दांडा बसवावा. मोटारीकडून दांड्याकडे तीन इंचांवरून सहा इंचांवर गेलें कीं वेग आधींच निम्मा; तेथून पुढें यंत्राच्या चार पायऱ्या. त्यानें कागदावर आंकडे मांडले: 360, 576, 900, 1440. मोटार व दांडा यांवर साडेचार इंचांच्या समान कप्प्यांची दुसरी जोडी ठेवली म्हणजे मूळचे चार वेगही हातचे जात नाहींत: 720, 1152, 1800, 2880. एकूण आठ. पट्टा तोच पुरावा म्हणून प्रत्येक जोडीची बेरीज नऊ इंच ठेवलेली: तीन-सहा, चार-पांच, साडेचार-साडेचार. नववीच्या मुलांनीं ही बेरीज स्वतः शोधून काढली तेव्हां वर्गांत जो गलका झाला, त्याबद्दल शेजारच्या वर्गाची क्षमा मागावी लागली. विज्ञानशिक्षकांनीं कागद घरीं नेला, दुसऱ्या दिवशीं परत आणला, आणि म्हणाले, "वेगाची माझी हरकत मागें घेतों. पट्ट्याची मागें घेत नाहीं; त्यावर जाळी बसवा." जाळी बसविली.

आणखी एका विचारानें पारडें खालीं गेलें. आमच्या भागांत विहिरींवरील पंप सुरू झाले कीं विजेचा दाब उतरतो, आणि इलेक्ट्रॉनिक पाट्यांस तें सोसत नाहीं. तसली पाटी जळली म्हणजे ती पुण्याहून, कदाचित् त्याहून दुरून, मागवावी लागते. तोंवर यंत्र झांकून ठेवावयाचें. उलट, साधी मोटार बारामतींत दोन दिवसांत गुंडाळून मिळते. पट्टा हव्या त्या दुकानांत मिळतो. बेअरिंगही. मोडलेला भाग दुसऱ्या लेथवर कातून घेतां येतो, कारण लेथ हें लेथचे भाग घडविणारें यंत्र आहे. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरास साखरेच्या यंत्रांपासून अग्निबाणांच्या भागांपर्यंत लोखंड घडलें आहे. अशा मुलुखांत कातणारा फिटर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. किर्लोस्करांचें उदाहरण आम्हीं वर्गांत सांगितलें. 1941 सालीं हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला आणि त्याचे धातूचे लेथ देशभर गेले. कारखाना पुढें बंद पडला. त्याचे लेथ मात्र अजून कित्येक ठिकाणीं चालतात, कारण त्यांचे भाग गांवांत घडवितां येतात.

येथें एक गोष्ट नमूद करावी. नव्या यंत्रांविषयीं आमचें मन कलुषित नाहीं. आपल्याकडील जुना कातारी जमिनीवर बसून धनुष्याच्या दोरीनें लांकूड पुढेंमागें फिरवी. पायाच्या बोटांनीं हत्यार आवरी. लांकूड एकदां पुढें व एकदां मागें जाई, म्हणून हत्यार निम्माच वेळ कापी. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांस आणि कर्नाटकांत चन्नपट्टणच्या बाहुल्यांस जी लाखेची चकाकी आहे, ती फिरत्या लांकडावर लाख दाबून, घर्षणाच्या उष्णतेनें वितळवून चढविलेली असते. विजेच्या मोटारीनें त्या कारागिरांचे श्रम पुष्कळ हलके केले. इंग्लंडांत चिल्टर्नच्या बीचवनांत खुर्च्यांचे पाय कातणारे लोक लवचिक खांबास दोरी बांधून तोच पुढेंमागें फिरण्याचा खेळ विसाव्या शतकापर्यंत करीत, कारण त्यांचें ओलें बीच तेवढ्यानेंच कापलें जाई. ज्या लांकडास जें पुरलें तें त्यांनीं ठेवलें. नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनमधील चर्चिल नांवाच्या गृहस्थांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं विणकऱ्यांसाठीं सुधारलेला हातमाग तयार केला. त्यांनींही आपल्या देशांतील गिरणी उचलून येथें आणली नाहीं. येथील विणकऱ्याचे हात व पाय पाहून माग बदलला. आमच्या बाभळीस व आमच्या मुलांच्या हातांस एवढा मान देणें आम्हांस आवश्यक वाटलें.

व्यवस्थापक मंडळापुढें हें सर्व मांडतांना एका सभासदांनीं विचारलें कीं, आजच्या काळांत शाळेस कातयंत्र हवेंच कशाला. त्यांस 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे बोट दाखवावें लागलें. सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार यांजपाशीं काम शिकावें, असें तेथें लिहिलें आहे. सभासद संतुष्ट झाले. आमचें खरें कारण निराळें होतें. आमच्या दहावीच्या वर्गांतून दर वर्षीं कांहीं मुलें पुढें शिकत नाहींत. तीं कोणत्या ना कोणत्या कारखान्यांत कसल्या ना कसल्या यंत्रापुढें उभीं राहतात, आणि तेथें वेग कमी करण्याची सोय आहे कीं नाहीं, हें विचारण्याची त्यांस संवय नसते. जो मुलगा स्वतःच्या हातानें पट्टा सहा इंचांवर टाकून आला आहे, तो विचारील, असें आम्हांस वाटतें.

यंत्र मृगाच्या आधीं आलें. खोक्यांतून काढल्यावर दिसलें कीं, त्याच्या पुढच्या व मागच्या टोंकांचीं अणकुचीदार केंद्रें एकमेकांस भेटत नाहींत. मागचें केंद्र पोस्टकार्डाच्या जाडीइतकें खालीं. नव्या परदेशी यंत्रांत बहुधा हा दोष आढळला नसता, हें कबूल केलें पाहिजे. फिटर विद्यार्थ्यानें पितळी पत्र्याचे तुकडे कापून मागच्या ठोकळ्याखालीं घातले, तीन वेळां मोजलें, आणि केंद्रें भिडलीं. खरखरीत कडा मुलांनीं कानशीनें मोडल्या. खालीं सिमेंटचा चौथरा बांधून त्यांत बोल्ट गाडले. चौथरा आठवीच्या मुलांच्या मानानें उंच झाला, म्हणून उभें राहावयास एक लांकडी पाट केला. तो हालूं नये म्हणून त्यास चार खिळे. जें गमावलें त्यांत ती वाटी आहेच. पुण्याच्या त्या यंत्रावर लहान वस्तु जितकी गुळगुळीत निघाली, तितकी आमच्यावर निघत नाहीं. भोवऱ्यांस पॉलिश कागद लागतोच. ज्यांस बारीक नाजूक काम करण्याची हौस आहे अशा दोन मुली जरा नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. माजी विद्यार्थ्यांनीं हें वाचून पुढील वर्गणीचा विचार केला तर आम्ही आड येणार नाहीं.

सुतारखान्याचे नियम दारावर लावले आहेत, ते येथें देत नाहीं. एक मात्र सांगतों, कारण तो मुलांनीं स्वतः घातला. कळ दाबण्यापूर्वीं लांकूड हातानें एक पूर्ण फेरा फिरवावें, आणि कोणत्या कप्पीवर पट्टा आहे तें मोठ्यानें म्हणावें. त्यामुळें दुपारच्या तासांना सुतारखान्यांतून "तीन-सहा, तीन-सहा" असा घोष ऐकूं येतो, व नवे शिक्षक चकित होतात.

तो प्रवासी ओंडका आतां आठ इंची राहिला नाहीं. त्याचें मुसळासाठीं एक डोकें निघालें, आणि उरलेल्या तुकड्याचे तीन भोवरे. विज्ञानशिक्षकांनीं फेऱ्या मोजण्याचें एक लहान उपकरण आणून आठही वेग तपासले. 360 च्या जागीं 352 निघाले, कारण पट्टा थोडा घसरतो. बाकीचे आंकडे त्यांनीं भिंतीवर लिहून ठेवले असून, प्रत्येक ठिकाणीं पट्टा शेंकडा किती घसरतो, हें उदाहरण नववीस सहामाहीसाठीं दिलें आहे.